भिंती रंगल्या, भाडेकरू पांगले

वांद्र्याच्या 'कलावस्ती'चा बोलबाला वाढत असताना ती घडविणाऱ्यांनाच तेथे राहणे का परवडेनासे झाले?

खास प्रतिनिधी, मुंबई

रविवारी संध्याकाळी वांद्रे पश्चिमेला हिल रोडवरून चॅपल रोडकडे वळले, की तरुण-तरुणींचे घोळके भिंतींसमोर उभे राहून छायाचित्रे काढताना दिसतात. भिंतींवर जुन्या हिंदी चित्रपटांचे नायक-नायिका आहेत, कुठे भडक रंगांतल्या आकृती आहेत, कुठे नुसतीच अक्षरे आहेत. पुढे रणवारच्या गल्लीत कौलारू घरे, बाहेरच्या अंगाने चढणारे लाकडी जिने, नक्षीदार कठड्यांचे व्हरांडे आणि चौकातला क्रूस. त्याच घरांच्या तळमजल्यांवर कॉफीची दुकाने, पावभट्टीच्या जागी पाश्चात्त्य धाटणीचे बेकरी-कॅफे आणि कपड्यांची 'बुटिक्स' थाटली आहेत. मुंबईत राहण्याजोगी 'कलात्मक' वस्ती कोणती, असे विचारले तर पंचविशीतील बहुतेकांच्या तोंडी पहिले नाव वांद्र्याचे येते.

या नावलौकिकात एक विसंगती दडलेली आहे. ज्या मंडळींमुळे वांद्र्याला ही ओळख मिळाली, ते होतकरू अभिनेते, लेखक, वादक, छायाचित्रकार आणि रेखाटनकार यांपैकी फारच थोड्यांना आज तेथे घर भाड्याने घेणे परवडते. ज्या ईस्ट इंडियन कुटुंबांच्या घरांमुळे या गल्ल्यांना रूप आले, त्यांचीही पुढची पिढी पांगते आहे. वातावरण टिकले आहे, किंबहुना ते अधिक झगमगीत झाले आहे. ते निर्माण करणारी माणसे मात्र उपनगरी गाडीने एकेक स्थानक उत्तरेकडे सरकत आहेत. हा केवळ फॅशनचा किंवा हौसेचा विषय नाही. शहरातील जागा कोणाच्या हाती राहते आणि कोणाला किती काळ टिकू देते, हा त्यामागचा प्रश्न आहे.

गावठाणांचे गाव

वांद्रे हे मुळात उपनगर नव्हे, तर अनेक गावांचा समूह. रणवार, शेर्ली, राजन, पाली, चुईम, चिंबई ही त्यांतील काही नावे आजही टिकून आहेत. शेती, मिठागरे, ताडीची झाडे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या वस्त्या साष्टी बेटाच्या दक्षिण टोकाला होत्या. १५३४ मध्ये वसई परिसराबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, १७३९ पर्यंत तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेल्या येथील रहिवाशांनी भाषा मात्र सोडली नाही. त्यांच्या घरांत आजही मराठीची बोली बोलली जाते. गोवा व मंगलोरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, येथील मूळचे, हे दाखविण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले.

माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बांध १८४५ मध्ये अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून पूर्ण झाला. १८६० च्या दशकात रेल्वे आली. १८९६ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या मुंबईतून अनेक कुटुंबे मोकळ्या हवेसाठी इकडे सरकली. गल्लीबोळांतील अनेक क्रूस त्या साथीच्या आठवणीचे आहेत. फाळणीनंतर सिंधी व पंजाबी निर्वासित आले. त्यांच्यापाठोपाठ चित्रपटसृष्टी आली. मेहबूब खान यांनी १९५४ मध्ये हिल रोडच्या टोकाला स्टुडिओ उभारला, पाली हिलवर नटांचे बंगले झाले आणि संगीतकार नौशाद कार्टर रोडवर राहावयास आले. त्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे.

या इतिहासाचे तात्पर्य असे, की वांद्र्याला बाहेरून येणाऱ्यांचे वावडे कधीच नव्हते. आलेला प्रत्येक गट आधीच्या गटाशेजारी राहिला. सप्टेंबरातील माउंट मेरीच्या जत्रेला सर्व धर्मांचे लोक आजही लोटतात, ते या शेजारधर्मामुळेच. म्हणून सध्याच्या बदलाकडे केवळ 'नवे लोक आले' असे पाहणे अपुरे ठरते. पूर्वी नवे लोक आले तरी जुने राहू शकत होते. आता तसे घडत नाही, हा फरक आहे.

भाडे कमी, चौकशा कमी

कोणत्याही शहरात कलावंतांची वस्ती ठरवून वसत नाही. तिला दोन गोष्टी लागतात: कमी भाडे आणि कमी चौकशा. १९८० व ९० च्या दशकांत वांद्र्याच्या गावठाणांत दोन्ही होत्या.

भाडे कमी असण्याचे कारण सौंदर्यात नव्हे, तर मालकीच्या गुंत्यात होते. गावठाणातील घर वडिलोपार्जित असते. दोन-तीन पिढ्यांत वारसांची संख्या वाढत जाते. कोणी आखातात, कोणी कॅनडात, कोणी ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला असतो. सर्वांच्या सह्या मिळाल्याखेरीज विक्री होत नाही. जागा लहान, गल्ली अरुंद, मोठी इमारत बांधणे अवघड. विकासकाला नको असलेले असे घर रिकामे ठेवण्यापेक्षा एखादी खोली भाड्याने देणे किंवा 'पेइंग गेस्ट' ठेवणे मालकाला सोयीचे होते. मालमत्तेतील ही अनिश्चितताच स्वस्त भाड्याचा आधार होती.

दुसरी गोष्ट चौकशांची. मुंबईतील असंख्य गृहनिर्माण संस्थांमध्ये अविवाहितांना, मांसाहार करणाऱ्यांना, विशिष्ट धर्माच्या वा सिनेव्यवसायातील लोकांना घर नाकारले जाते, हे उघड गुपित आहे. रात्री दोन वाजता तालमीहून परतणाऱ्या मुलीला किंवा गिटार वाजवणाऱ्या मुलाला दारात हटकले जाते. वांद्र्यातील घरमालकिणी त्या मानाने उदार, असा लौकिक होता. ताटात काय आहे आणि घरी कोण येते, याची चौकशी येथे कमी होत असे. परगावाहून आलेल्या, ठरावीक पगार नसलेल्या तरुणांना हे स्वातंत्र्य भाड्याइतकेच महत्त्वाचे होते. त्यातूनच वांद्र्यात जाहिरात, दूरचित्रवाणी, संगीत आणि नाट्य या क्षेत्रांतील तरुणांची दाटी झाली.

वातावरणाचा बाजार

पुढचा टप्पा २००० नंतरचा. कार्टर रोड आणि बँडस्टँडचे किनारे नागरिकांच्या पुढाकाराने सुधारले. किल्ल्याच्या पायथ्याशी खुला रंगमंच झाला. २००९ च्या सुमारास 'वॉल प्रोजेक्ट' या उपक्रमाने भिंती रंगविण्यास चालना दिली. २०१२ पासून चित्रकार रणजित दहिया यांच्या 'बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट'ने चित्रपटांच्या हाती रंगविलेल्या फलकांची लोप पावणारी कला वांद्र्याच्या भिंतींवर आणली. २०१४ मध्ये रेक्लमेशनजवळील महानगर टेलिफोन निगमच्या इमारतीवर दादासाहेब फाळके यांचे भव्य चित्र उभे राहिले. मेहबूब स्टुडिओतही चित्रीकरणाच्या जोडीला इतर कार्यक्रम होऊ लागले. २०१० मध्ये शिल्पकार अनिश कपूर यांचे प्रदर्शन तेथे भरले होते.

याच काळात दळणवळणाचा नकाशा बदलत होता. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला आणि २०२४ मध्ये तो किनारी रस्त्याला जोडला गेला. खाडीपलीकडच्या दलदलीवर वसलेले वांद्रे-कुर्ला संकुल बँका, शेअर बाजार, परदेशी वकिलाती आणि बहुराष्ट्रीय कंपन्या यांचे केंद्र बनले. तेथे काम करणाऱ्या, गलेलठ्ठ पगाराच्या तरुण अधिकाऱ्याला कचेरीपासून जवळ, समुद्रालगत आणि 'वातावरण' असलेले घर हवे होते. ते वातावरण आधीच तयार होते, फक्त त्याला किंमत लावायची होती.

घरांच्या जाहिरातींत 'कलात्मक परिसर' हा शब्दप्रयोग क्षेत्रफळाइतक्याच ठळकपणे येऊ लागतो, तेव्हा त्या परिसराचे चक्र उलटे फिरू लागते. भित्तिचित्राचा मोबदला चित्रकाराला एकदा मिळतो, किंवा मिळतही नाही. त्यामुळे वाढलेले भाडे मात्र दरवर्षी वसूल होते. ते चित्रकाराच्या हाती पडत नाहीच, उलट तो स्वतः भाडेकरू असेल तर त्यालाच ते भरावे लागते.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनमधील श्रमिक वस्त्यांत मध्यमवर्ग शिरू लागल्याचे पाहून या प्रक्रियेला 'जेंट्रिफिकेशन' हे नाव दिले. मुंबईत तिला स्वतंत्र नाव नाही, कारण येथे ती 'विकास' या शब्दातच सामावली जाते.

घरमालकाचा हिशेब

या साऱ्यात घरमालकाला खलनायक ठरविणे सोपे, पण अन्यायाचे होईल. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली होती. जुन्या भाडेकरूकडून मिळणाऱ्या रकमेत कौले बदलणेही शक्य नव्हते. या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये नमूद केले. त्यानंतर आलेल्या आणि २००० मध्ये लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. परंतु मूळ आकडाच नगण्य असल्याने टक्केवारीने फारसे काही साधले नाही.

अशा स्थितीत तळमजल्याची खोली कॅफेला दिली, तर राहणाऱ्या भाडेकरूपेक्षा कितीतरी अधिक उत्पन्न मिळते. त्यातून घराची डागडुजी होते, वृद्धापकाळाची तजवीज होते. एका अर्थाने ही कॉफीची दुकानेच अनेक जुन्या घरांना उभे ठेवत आहेत. ती नसती, तर तेथे काचेच्या दर्शनी भागाची इमारत आली असती, हा युक्तिवाद पूर्णतः खोटा नाही. मात्र त्याची दुसरी बाजूही आहे. रात्री उशिरापर्यंतची वर्दळ, अरुंद गल्लीत उभ्या केलेल्या मोटारी, स्वयंपाकघराच्या धुराड्यांचा वास आणि गर्दीचा गोंगाट यांमुळे वरच्या मजल्यावरील म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्याच घरात राहणे जड जाते. घर वाचते, पण त्यातली वस्ती उठते.

भाडेकरूंतही दोन जाती पडल्या आहेत. एक जुना, पागडीचा, कायद्याचे संरक्षण असलेला. दुसरा 'लिव्ह अँड लायसन्स'चा, मुदत संपली की जागा सोडणारा. मुदतीनंतरही तो राहिला, तर कायद्याने त्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. कलाक्षेत्रातील जवळजवळ सर्व तरुण या दुसऱ्या गटात मोडतात. करार बहुधा ११ महिन्यांचा. दर नूतनीकरणाला वाढ, दलाली, अनामत रकमेची जुळवाजुळव.

या ११ महिन्यांमागची कथा उद्बोधक आहे. वर्षभराच्या वा त्याहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी आवश्यक असल्याने ती टाळण्यासाठी ही प्रथा पडली. १९९९ च्या कायद्याने महाराष्ट्रात मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले. म्हणजे प्रथेचे कारण संपले, प्रथा मात्र चालू राहिली. शहरातील लाखो भाडेकरू आज एका कालबाह्य सवयीपोटी दर ११ महिन्यांनी अस्थिर होतात.

परिणामी नव्याने येणारा नट वा लेखक वांद्र्याचा विचारही न करता अंधेरी-वर्सोव्याचा रस्ता धरतो. वर्सोव्याच्या आरामनगरातील जुन्या बैठ्या घरांत निवड चाचण्यांची कार्यालये, तालमीच्या खोल्या आणि छोटे रंगमंच उभे राहिले, ते याच कारणाने. तेथेही भाडी चढली आणि पुनर्विकासाची टांगती तलवार आहे. मग गोरेगाव, मालाड, मीरा रोड. चक्र तेच, स्थानक पुढचे.

न्यूयॉर्कचा धडा

याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील सोहो हे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कारखाने बंद पडले. त्याच भागातून महामार्ग नेण्याची रॉबर्ट मोझेस यांची योजना अनेक वर्षे रेंगाळल्याने कोणी गुंतवणूक करीना. रिकाम्या पडलेल्या उंच छताच्या मजल्यांवर चित्रकार-शिल्पकार बेकायदा राहू लागले. महामार्गाची योजना १९६९ मध्ये निकालात निघाली. १९७१ मध्ये शहराने कलावंतांना तेथे राहण्याची अधिकृत परवानगी दिली आणि १९७३ मध्ये परिसराला ऐतिहासिक दर्जा मिळाला. त्यानंतर चित्रदालने आली, त्यांच्यामागून उंची वस्त्रांची दुकाने आली आणि अखेरीस धनिक आले. १९८२ च्या 'लॉफ्ट लॉ'ने अशा जागांत राहणाऱ्या भाडेकरूंना काही संरक्षण दिले, पण नव्या कलावंतांसाठी दारे तोवर जवळपास बंद झाली होती. समाजशास्त्रज्ञ शॅरन झुकिन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या 'लॉफ्ट लिव्हिंग' या पुस्तकात ही सारी प्रक्रिया उलगडून दाखविली.

सोहोच्या इतिहासात आणि वांद्र्याच्या गावठाणांत एक साम्य ठळक आहे. दोन्हीकडे अनिश्चिततेमुळे जागा स्वस्त राहिल्या आणि अनिश्चितता दूर होताच त्या महागल्या. एक भेदही आहे. सोहोत इमारती वाचल्या आणि माणसे गेली. वांद्र्यात दोन्ही जाण्याची शक्यता आहे. गावठाणांना वारसा दर्जा देण्याचा प्रस्ताव २०१२ मध्ये पुढे आला, तेव्हा रहिवाशांतच दुमत झाले. दर्जा मिळाल्यास दुरुस्तीलाही परवानग्यांचे खेटे घालावे लागतील आणि खर्चाला हातभार मात्र कोणी लावणार नाही, ही भीती निराधार नव्हती.

त्याच न्यूयॉर्कमध्ये वेगळा प्रयोगही झाला. ग्रीनिच व्हिलेजमधील बेल कंपनीच्या जुन्या प्रयोगशाळेच्या इमारतींचे रूपांतर करून १९७० मध्ये 'वेस्टबेथ' ही ३८४ घरांची वसाहत सुरू झाली. घरे केवळ कलावंतांसाठी आणि परवडणाऱ्या भाड्याची. मालकी ना-नफा संस्थेची. सभोवतालची वस्ती अतिश्रीमंत झाली, तरी वेस्टबेथमध्ये चित्रकार, नर्तक आणि संगीतकार राहत आले. प्रतीक्षायादी इतकी लांबली, की ती काही वर्षे बंद ठेवावी लागली. या यशाचे गमक एकच: ते घर राहणाऱ्याला विकता येत नाही.

रुळांच्या पलीकडे

याच संदर्भात वांद्र्याच्या पूर्वेला, रेल्वे रुळांच्या पलीकडे पाहणे आवश्यक ठरते. आज तरुण पिढी 'कलात्मक वांद्रे' म्हणते, तेव्हा तिला पश्चिमच अभिप्रेत असते. परंतु नावातच कला असलेली वस्ती पूर्वेला आहे. खाडीलगतच्या दलदलीच्या भागात १९६० च्या दशकात चित्रकार-कलावंतांच्या सहकारातून कलानगर उभे राहिले. व्यंगचित्रकार बाळ ठाकरे दादरहून तेथे राहावयास आले, तेव्हा तो भाग आडगावात मोडत होता. शेजारी पत्रकारांची वसाहत झाली. लेखकांनी 'साहित्य सहवास' उभारले. विंदा करंदीकर, विजया राजाध्यक्ष, धर्मवीर भारती यांच्यासारखे साहित्यिक तेथे राहिले. प्राध्यापक-कवी रमेश तेंडुलकर यांचे घरही तेथेच होते आणि त्याच आवारात सचिन नावाचा मुलगा क्रिकेट खेळत मोठा झाला.

या वसाहतींनी एक मोठे काम केले. तुटपुंज्या मिळकतीवर जगणाऱ्या लेखक-कलावंतांना त्यांनी हक्काचे छप्पर दिले आणि पुढे भोवती वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, तरी त्यांना कोणी उठवू शकले नाही. पश्चिमेच्या भाडेकरूला जे लाभले नाही, ते पूर्वेच्या सभासदाला लाभले: स्थैर्य. कलावस्तीला बाजारापासून वाचविण्याचा मराठी मार्ग सहकाराचा होता आणि तो यशस्वी झाला, असे म्हणावे लागेल.

मात्र त्यालाही मर्यादा पडली. सभासदाचे घर वारसाकडे जाते. लेखकाचा मुलगा अभियंता असतो, नात परदेशी असते. घर भाड्याने वा विक्रीला निघाले, तर त्याचा भाव शेजारच्या संकुलावरून ठरतो. आजच्या तिशीतील कवीला साहित्य सहवासात घर घेणे स्वप्नातही शक्य नाही. मालकी हक्काने एक पिढी वाचविली. पुढच्या पिढीसाठी दार उघडे ठेवण्याची तजवीज त्यात नव्हती. पश्चिमेला बाजाराने आणि पूर्वेला वारसाहक्काने शेवटी एकच परिणाम साधला.

खोली कोणाची?

राहण्याच्या जागेइतकीच कामाची जागा महत्त्वाची असते. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास याची साक्ष देतो. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'आविष्कार'ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. सजावट नाही, वातानुकूलन नाही, प्रेक्षक दाटीवाटीने बसलेले. भाडे परवडत होते, म्हणून नाटक पडले तरी पुढचे करण्याची हिंमत राहत होती. त्या साध्या सभागृहातून एक संपूर्ण चळवळ उभी राहिली. छबिलदास सुटल्यानंतर 'आविष्कार'ला आसरा मिळाला, तोही माहीमच्या महापालिका शाळेत.

गिरणगावाचे उदाहरण तर याहून बोलके. शाहिरी, लोकनाट्य, कामगार रंगभूमी, अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे यांचे लेखन हे सारे ज्या चाळींतून आले, त्यांना कोणी 'कलात्मक परिसर' म्हटले नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या आणि आज त्याच जागेवरच्या मॉलमध्ये गिरणीचे धुराडे शोभेची वस्तू म्हणून उभे आहे. धुराडे राखले, कामगार राखला नाही. वांद्र्यात जिना राखला जाईल आणि त्यावरून चढणारा राहणार नाही, ही भीती त्यामुळेच अनाठायी वाटत नाही.

मार्ग कोणता?

जेथे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहतात, त्या शहरात कलावंतांच्या घरांची चिंता का करावी, असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की कलावंत हा येथे अपवाद नसून पूर्वसूचना आहे. ज्या कारणांनी तो वांद्र्यातून बाहेर पडतो, त्याच कारणांनी चिंबईचा मच्छीमार, लीलावतीसारख्या रुग्णालयांत काम करणारी परिचारिका, शाळेतील शिक्षक आणि पावभट्टीचा कारागीरही बाहेर पडतो. त्यांच्यासाठी जे उपाय लागू पडतील, तेच याच्यासाठीही लागू पडतील.

पहिला उपाय भाड्याच्या घरांचा. म्हाडाच्या सोडतीत कलाकारांसाठी दोन टक्के घरे राखीव असतात. ही तरतूद स्तुत्य आहे, परंतु ती मालकीच्या घरांची असल्याने साहित्य सहवासाचीच मर्यादा तिला लागू होते. यापैकी काही घरे न विकता, ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिली, तर एकाच घराचा लाभ एकामागून एक अनेकांना मिळू शकेल.

दुसरा उपाय कराराच्या मुदतीचा. तीन ते पाच वर्षांच्या, वाढीचे प्रमाण आधीच ठरविलेल्या करारांना कायद्याचा मज्जाव नाही. अशा करारांवर घरमालकाला मालमत्ता करात सवलत दिली, तर त्याचे नुकसान न होता भाडेकरूला श्वास घेण्यापुरते स्थैर्य मिळेल.

तिसरा उपाय गावठाणांचा. वारसा दर्जा म्हणजे केवळ मनाई, ही समजूत दूर करायची असेल, तर डागडुजीसाठी अनुदान आणि जलद परवानगी या दोन्ही गोष्टी दर्जाबरोबरच द्याव्या लागतील. एका गल्लीत किती तळमजले व्यवसायासाठी द्यायचे, याचा निर्णय तेथील रहिवाशांच्या सहभागाने व्हावा. अन्यथा एका घराचा फायदा दहा घरांचा जाच ठरतो.

चौथा उपाय सर्वांत स्वस्त आहे. सायंकाळनंतर रिकाम्या राहणाऱ्या महापालिका शाळांच्या खोल्या नाममात्र भाड्याने तालमींना, चित्रकारांना, वाचन मंडळांना देणे. छबिलदासचा अनुभव पाठीशी असताना या शहराला ही कल्पना परकी वाटू नये.

यांपैकी काहीच झाले नाही, तर वांद्रे ओस पडेल असे नाही. उलट तेथील गर्दी वाढेल, कॉफीची दुकाने वाढतील, भिंती दरवर्षी नव्याने रंगतील. रंगविणारा कारागीर सकाळी लोकलने येईल आणि काम संपल्यावर मीरा रोडची गाडी पकडील. रणवारच्या चौकातील क्रूससमोर संध्याकाळी प्रार्थनेला जमणाऱ्यांची संख्या मात्र हळूहळू रोडावत जाईल. वस्तीचे नाव आणि वस्तीतील माणसे यांच्यात पडणारे हे अंतर मोजण्याची यंत्रणा ना महापालिकेकडे आहे, ना गृहनिर्माण खात्याकडे. ज्या वस्तीच्या नावावर शहर मिरवते, तिच्यात कोण राहू शकतो, याची निदान नोंद ठेवली जावी, एवढी अपेक्षा तरी गैर नाही.